अँटीव्हायरसमधल्याच सुरक्षा त्रुटी : छोट्या कार्यालयातील संगणकांची तपासणी कशी करावी

अँटीव्हायरस बसवला की संगणक सुरक्षित झाला असे गृहीत धरले जाते, आणि मग वर्षातून एकदा परवान्याचे नूतनीकरण करण्यापलीकडे त्याकडे कोणी फिरकत नाही. प्रत्यक्षात अँटीव्हायरस हाही एक प्रोग्रॅमच आहे. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल वापरकर्त्याने उघडण्याआधी तो स्वतः उघडून वाचतो, आणि हे वाचन संगणकावरील जवळजवळ सर्वोच्च अधिकार हाती ठेवून करतो. त्या वाचनात चूक राहिली असेल, तर हल्लेखोराला वेगळा दरवाजा शोधावा लागत नाही. ज्या पतसंस्थेत, सीएच्या कार्यालयात किंवा शाळेत दहा-वीस संगणक आहेत, स्वतंत्र सुरक्षा विभाग मात्र नाही, आणि ‘कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा’ असे सांगून जबाबदारी कोणा एकावर टाकलेली आहे, त्या व्यक्तीसाठी पुढील कृती लिहिली आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोजची आहेत.

अँटीव्हायरस काढून टाकावा असे येथे सुचवायचे नाही. तो ठेवावा, पण अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरवर किंवा ब्राउझरवर ठेवतो तेवढी नजर त्यावरही ठेवावी.

त्रुटी नेमकी कुठे असते

मे २०१७ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांना मायक्रोसॉफ्टच्या मालवेअर प्रोटेक्शन इंजिनात, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या फाइल तपासणाऱ्या गाभ्यातच, एक गंभीर त्रुटी सापडली. सीव्हीई या त्रुटींच्या सार्वजनिक नोंदवहीतील तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-०२९०. संशयास्पद जावास्क्रिप्ट चालवून पाहण्यासाठी इंजिनात त्या भाषेचा एक इंटरप्रिटर ठेवलेला होता. त्यातील एका फंक्शनला अपेक्षित प्रकाराऐवजी भलत्याच प्रकारचे मूल्य दिले, तरी ते फंक्शन तपासणी न करता ते वापरत असे, आणि तेथून मेमरीवर ताबा मिळवता येत असे. हा इंटरप्रिटर सँडबॉक्समध्ये, म्हणजे उरलेल्या संगणकापासून तोडलेल्या जागेत, बंदिस्त नव्हता. तो ‘सिस्टीम’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारांनी चालत होता. फाइल डिस्कवर लिहिली गेली की इंजिन ती आपोआप तपासणार, त्यामुळे आलेला ईमेल वापरकर्त्याने वाचणेही आवश्यक नव्हते. मायक्रोसॉफ्टने ८ मे रोजी, म्हणजे मोजक्या दिवसांत, इंजिनाच्या १.१.१३७०४.० या आवृत्तीतून दुरुस्ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, याच इंजिनात दुसरी चूक उघड झाली, आणि ती अधिक बोलकी आहे. रार प्रकारच्या फाइल उलगडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘अनरार’ या तयार कोडची प्रत घेऊन तीत स्वतःचे बदल केले होते. त्या बदलांत ऋण मूल्य धरू शकणारी काही चले केवळ शून्य किंवा धन मूल्य धरतील अशी केली गेली. मूळ कोडात मात्र ‘ही संख्या शून्यापेक्षा लहान आहे का’ अशा तपासण्या होत्या. शून्याखाली जाऊच न शकणाऱ्या चलावर ही तपासणी कधीच अडवणूक करत नाही, आणि मुद्दाम बिघडवलेली रार फाइल बिनबोभाट पुढे जाते. प्रोजेक्ट झीरोच्याच थॉमस डुलियन यांनी ही चूक दाखवून दिली.

जून २०१६ मध्ये सिमँटेक आणि नॉर्टन यांच्या उत्पादनांत आढळलेल्या त्रुटी याच जातीच्या होत्या, पण तेथे कारभार जास्त ढिसाळ होता. आकुंचित प्रोग्रॅम उलगडण्याचे काम विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या सर्वाधिक अधिकार असलेल्या गाभ्यात, केले जात होते, आणि इतरांकडून घेतलेल्या काही कोड-लायब्ररी किमान सात वर्षे अद्ययावत केलेल्या नव्हत्या. डझनावारी फाइल-प्रकार वाचू शकतो अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येक उत्पादनामागे असे जुने, परके आणि अवघड वाचन-कोड असतात. वरील तिन्ही उदाहरणांत बाहेरून आलेली फाइल वाचणारा भागच फसला.

पहिली पायरी : यादी, आणि तीत इंजिनाचा रकाना

एक स्प्रेडशीट घ्यावे आणि प्रत्येक संगणकासाठी एक ओळ लिहावी: उत्पादनाचे पूर्ण नाव, प्रोग्रॅमची आवृत्ती, इंजिनाची आवृत्ती, व्हायरस-व्याख्यांची तारीख, परवाना संपण्याची तारीख आणि सेटअप कोठून आणला. यांपैकी इंजिनाचा रकाना बहुतेकांच्या यादीत नसतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘अपडेट झाले’ असा हिरवा टिळा पडद्यावर दिसतो, तेव्हा अनेकदा फक्त व्याख्या, म्हणजे नव्या व्हायरसांची ओळखपत्रे, आलेली असतात. वर सांगितलेल्या त्रुटी व्याख्यांनी भरून निघत नाहीत. त्यासाठी इंजिन किंवा मूळ प्रोग्रॅम बदलावा लागतो.

डिफेंडरमध्ये हे पाहणे सोपे आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डावीकडे तळाशी असलेल्या ‘सेटिंग्ज’वर आणि तेथून ‘अबाउट’वर जावे. ‘अँटीमालवेअर क्लायंट व्हर्जन’ म्हणजे प्लॅटफॉर्म (मूळ प्रोग्रॅम), ‘इंजिन व्हर्जन’ म्हणजे इंजिन, आणि ‘अँटीव्हायरस व्हर्जन’ म्हणजे व्याख्या. अलीकडच्या क्रमांकांत वर्ष आणि महिना दडलेला असतो: इंजिन १.१.२४०९० ने सुरू होत असेल, तर ते सप्टेंबर २०२४ चे आहे, आणि प्लॅटफॉर्मच्या ४.१८ नंतरच्या आकड्यांचा अर्थही तसाच लावावा. इंजिन आणि प्लॅटफॉर्म साधारणपणे दर महिन्याला येतात. त्यामुळे व्याख्या आजच्या आणि इंजिन सहा महिन्यांपूर्वीचे असे दिसले, तर त्या संगणकावर अपडेट कोठेतरी अडकले आहे हे निश्चित समजावे. इतर उत्पादनांत ही माहिती बहुधा ‘अबाउट’ किंवा ‘हेल्प’ या मेनूखाली असते. ती तेथे सापडली नाही, तर डीलरला नव्हे, कंपनीच्या साहाय्य केंद्राला विचारावे.

डीलरचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आपल्याकडे अँटीव्हायरस बहुतेक वेळा संगणक दुरुस्त करणाऱ्याकडूनच घेतला जातो, आणि तो आपल्या पेनड्राइव्हमधला, कधीचा कोण जाणे, सेटअप टाकून उत्पादन-क्रमांक तेवढा नवा देतो. सेटअप जुना असल्यास ताबडतोब कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा उतरवून पुन्हा बसवावा; खरा परवाना असेल, तर त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. क्रॅक केलेला अँटीव्हायरस आढळला, तर त्याविषयी काही ठरवत बसू नये, तो त्याच दिवशी काढावा.

दुसरी पायरी : अपडेट कोणत्या वाटेने येते

अपडेटची वाटच कोणी अडवली तर काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ई-स्कॅन या अँटीव्हायरसचे अपडेट सुरक्षित नसलेल्या एचटीटीपी मार्गाने येत असल्याचा फायदा घेऊन हल्लेखोर मध्येच खरे पॅकेज बदलून स्वतःचे ठेवत होते, आणि अँटीव्हायरस ते आपलेच समजून उघडत होता. अवास्टच्या संशोधकांनी एप्रिल २०२४ मध्ये ‘गुप्तीमायनर’ या नावाने ही मोहीम उघड केली. त्यांनी ती ई-स्कॅन आणि भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेला आधीच कळवली होती, आणि ३१ जुलै २०२३ रोजी दुरुस्ती झाल्याचे कंपनीने सांगितले होते. ज्या संगणकावर त्याआधीचा प्रोग्रॅम अजून चालू असेल, त्याच्या बाबतीत नुसते अपडेटचे बटण दाबून थांबू नये. कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा सेटअप घेऊन तो नव्याने बसवावा.

याच निमित्ताने राउटरकडेही वळावे. मध्ये बसून पॅकेज बदलणाऱ्याला जाळ्यात कोठेतरी पाय ठेवायला जागा लागते, आणि कारखान्याच्या मूळ पासवर्डवर चालणारा राउटर ती देतो. पासवर्ड बदलावा, फर्मवेअर (राउटरमधले अंगचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि डीएनएसच्या नोंदी, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा हे सांगणारे आकडे, आपण भरलेल्याच आहेत ना, हे तपासावे. नूतनीकरणापूर्वी कंपनीला लेखी विचारायचा प्रश्न एकच आहे: अपडेटचे पॅकेज डिजिटल स्वाक्षरीचे असते का, आणि ते उघडण्यापूर्वी प्रोग्रॅम ती स्वाक्षरी पडताळतो का?

तिसरी पायरी : नको ते जोडकाम काढणे

मूळ इंजिनापेक्षा भोवतीच्या फुकट जोडकामात जास्त ढोबळ चुका सापडल्या आहेत, असे माझे मत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये एव्हीजीचे ‘वेब ट्यूनअप’ हे क्रोमसाठीचे एक्स्टेन्शन सुमारे ९० लाख वापरकर्त्यांकडे होते, आणि त्यातील त्रुटीमुळे कोणतेही संकेतस्थळ त्यांच्या इतर संकेतस्थळांवरील माहितीपर्यंत पोहोचू शकत होते. जानेवारी २०१६ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या अँटीव्हायरससोबत बसणाऱ्या पासवर्ड मॅनेजरने संगणकावर एक स्थानिक सर्व्हर उघडून ठेवला असल्याचे दिसले. कोणत्याही वेबपानाने त्याला विनंती पाठवावी आणि संगणकावर हवी ती आज्ञा चालवावी, इतका तो मोकळा होता. कोमोडोच्या ‘क्रोमोडो’ या ब्राउझरने तर एका संकेतस्थळाची माहिती दुसऱ्यापासून वेगळी ठेवणारा ब्राउझरचा मूलभूत नियमच बंद केला होता. ही तिन्ही प्रकरणे ऑर्मंडी यांनीच उजेडात आणली.

त्यामुळे ब्राउझर एक्स्टेन्शन, शॉपिंगचा सल्लागार, ट्यूनअप, कंपनीचा स्वतःचा ब्राउझर आणि न वापरला जाणारा व्हीपीएन यांपैकी जे असेल ते ‘मॉडिफाय’ किंवा ‘कम्पोनंट्स’ या पर्यायातून काढून टाकावे. पासवर्डसाठी स्वतंत्र, त्याच कामाला वाहिलेले सॉफ्टवेअर वापरावे.

एचटीटीपीएस स्कॅनिंगचा विचार वेगळा करावा लागतो. या सोयीत अँटीव्हायरस ब्राउझर आणि बँकेच्या संकेतस्थळाच्या मध्ये बसतो, कूटबद्ध संवाद उघडतो, वाचतो आणि स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करतो. २०१६ च्या अखेरीस कॅस्परस्कीच्या या यंत्रणेत असे आढळले की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ओळखण्यासाठी अवघ्या ३२ बिटांची खूण वापरली जात होती. इतक्या लहान खुणेत दोन वेगळ्या प्रमाणपत्रांची खूण जुळणे सहज शक्य असते. तुमच्याकडे काय चालू आहे हे पाहण्यासाठी बँकेचे संकेतस्थळ उघडून पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करावे, प्रमाणपत्र उघडावे आणि ते कोणी जारी केले हे वाचावे. तेथे अँटीव्हायरसचे नाव असेल, तर स्कॅनिंग चालू आहे. ज्या संगणकांवरून नेट बँकिंग किंवा जीएसटीचे काम होते, तेथे मी ते बंद ठेवण्याच्या मताचा आहे, कारण फाइल डिस्कवर उतरताना तिची तपासणी होतेच.

चौथी पायरी : अवशेष आणि ड्रायव्हर

एक अँटीव्हायरस काढून दुसरा बसवला, तरी पहिल्याचे कर्नल-ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारे त्याचे छोटे प्रोग्रॅम, मागे राहू शकतात. २०२२ मध्ये सेंटिनेलवन या कंपनीने अवास्टच्या अँटी-रूटकिट ड्रायव्हरमध्ये दोन त्रुटी जाहीर केल्या. त्या २०१२ पासून तशाच होत्या. अवास्टने त्या दुरुस्त केल्या, पण जुना ड्रायव्हर कंपनीच्या खऱ्या स्वाक्षरीसह जगात उपलब्ध आहेच. हल्लेखोर अशी जुनी, स्वाक्षरी असलेली फाइल स्वतःसोबत आणतात, तिच्यामार्फत कर्नलमध्ये शिरतात आणि तेथून चालू सुरक्षा सॉफ्टवेअर बंद पाडतात. अव्होसलॉकर या रॅन्समवेअर टोळीने अवास्टच्या ड्रायव्हरचा असाच उपयोग केला. ध्यानात घेण्याची बाब ही की यासाठी तुमच्याकडे अवास्ट असण्याचीही गरज नाही.

म्हणून दोन कामे करावीत. एक, जुने उत्पादन काढताना कंट्रोल पॅनेलवर न थांबता त्या कंपनीचे स्वतःचे रिमूव्हल टूल चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा, मग ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंट’खालील ‘सिस्टीम ड्रायव्हर्स’ची यादी पाहावी. अवास्टच्या ड्रायव्हरांची नावे बहुधा ए-एस-डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे ते चटकन नजरेस पडतात. दुसरे, ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्यातील ‘कोअर आयसोलेशन’मध्ये जाऊन कर्नलमध्ये घातक कोड शिरू न देणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ आणि सदोष ड्रायव्हरांची ‘ब्लॉकलिस्ट’ चालू आहे का ते पाहावे. विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ब्लॉकलिस्ट आपोआप चालू असते, पण मेमरी इंटिग्रिटी जुन्या प्रिंटरच्या किंवा बायोमेट्रिक यंत्राच्या ड्रायव्हरमुळे बंद राहिलेली असू शकते. तसे असेल, तर आधी त्या यंत्राचा नवा ड्रायव्हर शोधावा. अँटीव्हायरसची सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारे ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ही याच फेरीत चालू करून घ्यावे.

कर्नलमधील कोड किती महाग पडू शकतो हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. ती सुरक्षा त्रुटी नव्हती, केवळ चूक होती: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कोडात २१ मूल्ये अपेक्षित असताना २० दिली गेली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्यापुरता याचा अर्थ असा की व्याख्या आणि इंजिन सर्वत्र लगेच जाऊ द्यावेत, मात्र प्रोग्रॅमची मोठी नवी आवृत्ती आधी एका कमी महत्त्वाच्या संगणकावर एक-दोन दिवस चालवून पाहावी.

पाचवी पायरी : क्वारंटाइन कोणाच्या हाती

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरक्षा संशोधक फ्लोरियन बोग्नर यांनी ‘एव्हीगेटर’ या नावाने एक युक्ती दाखवली. साधे खाते असलेला वापरकर्ता स्वतःच्या फोल्डरमध्ये एक घातक फाइल ठेवतो. अँटीव्हायरस ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे पकडलेल्या फाइलींच्या कोंडवाड्यात, टाकतो. मग तो वापरकर्ता त्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे ‘जंक्शन’ करतो, म्हणजे तो फोल्डर गुपचूप प्रोग्रॅम फाइल्सकडे वळवतो, आणि क्वारंटाइनमधून ‘रिस्टोअर’ म्हणतो. अँटीव्हायरस स्वतःच्या सर्वोच्च अधिकारांनी ती फाइल जेथे त्या वापरकर्त्याला लिहायची मुभाच नाही, तेथे नेऊन ठेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये सेफब्रीच या सुरक्षा कंपनीच्या ऑर याइर यांनी याच तत्त्वावर डिफेंडरसह अनेक उत्पादनांकडून भलत्याच फाइल पुसून घेऊन दाखवल्या. दोन्ही वेळी कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या.

उपाय सोपे आहेत, फक्त थोडी कटकट सोसावी लागते. रोजच्या कामाचे खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे ठेवू नये, अँटीव्हायरसच्या सेटिंग्जना पासवर्ड लावावा आणि क्वारंटाइनमधून फाइल परत आणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा. ‘एक्सक्लूजन’ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादीही याच वेळी उघडून वाचावी. अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून कधीतरी कोणीतरी संपूर्ण डी ड्राइव्ह वगळलेला सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

मध्यवर्ती कन्सोल आणि मेल सर्व्हर

सर्व संगणकांचा अँटीव्हायरस एका ठिकाणाहून चालवणारा सर्व्हर, म्हणजे कन्सोल, असेल, तर तो इंटरनेटवरून दिसता कामा नये. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या अ‍ॅपेक्स वन या उत्पादनाच्या, कार्यालयातच ठेवल्या जाणाऱ्या कन्सोलमध्ये लॉगिन न करता आज्ञा चालवता येतील अशी त्रुटी (सीव्हीई-२०२५-५४९४८) जाहीर झाली, तेव्हा तिचा वापर करण्याचे प्रयत्न आधीच सुरू झाले होते. ज्याच्या हाती कन्सोल आला, त्याच्या हाती सर्व संगणक आले. राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्या विनंत्या आतल्या संगणकाकडे वळवणारी सोय, तपासावे, कन्सोल फक्त ठरावीक अंतर्गत आयपी पत्त्यांवरून उघडेल असे करावे.

लिनक्सच्या मेल सर्व्हरवर बहुधा क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यात दहापैकी ९.८ तीव्रतेची त्रुटी निघाली, तीही अ‍ॅपलच्या एचएफएस प्लस या डिस्क-प्रकाराच्या वाचनात. ईमेलने असे काही कोणी सहसा पाठवत नाही, पण वाचणारा कोड मात्र प्रत्येक सर्व्हरवर होता. १.०.१, ०.१०५.२ आणि ०.१०३.८ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. स्कॅनर रूट या सर्वाधिकारी खात्याने चालत नाही, स्वतःच्या मर्यादित खात्याने चालतो, एवढी खात्री करून घ्यावी.

सूचना आल्यावर

महिन्यातून एकदा तीन ठिकाणे पाहावीत: आपल्या कंपनीचे सिक्युरिटी अ‍ॅडव्हायजरीचे पान, सर्ट-इनच्या सूचना आणि अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेची ‘प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटीं’ची यादी. उत्पादन देशी असो वा परदेशी, शोध सारखाच घ्यावा. पुण्याच्या क्विक हीलच्या मॅकसाठीच्या उत्पादनांतही २०१७ मध्ये फाइल वाचतानाच्या बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिखाण होण्याची, नोंद (सीव्हीई-२०१७-५००५) झाली होती. उलट, ज्या कंपनीच्या नावावर एकही नोंद सापडत नाही, ती निर्दोष आहे असे मानण्याची घाई करू नये. बहुधा तिच्याकडे कोणी नीट पाहिलेलेच नसते.

सूचना वाचताना तीव्रतेच्या आकड्याआधी ‘अटॅक व्हेक्टर’, म्हणजे हल्ला कोणत्या वाटेने होऊ शकतो हे सांगणारा रकाना, पाहावा, पण तोही जपून वाचावा. फाइल वाचताना घडणारी त्रुटी अनेकदा ‘लोकल’, म्हणजे त्याच संगणकावरून वापरता येणारी, म्हणून नोंदली जाते, आणि ती फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून सहज आत येऊ शकते. म्हणून इंजिनातील त्रुटी असेल तर ती त्याच दिवशी हाताळावी; आधी संगणकावर खाते असावे लागते अशी त्रुटी असेल, तर आठवड्याच्या आत. पहिल्या पायरीतील यादीशी आवृत्ती ताडून पाहावी, अपडेट चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि ‘अबाउट’मधला नवा आकडा यादीत तारखेसह लिहावा. ‘अपडेट केले’ एवढीच नोंद पुरेशी नाही.

त्रुटीचा गैरवापर झाल्याची चिन्हे दिसली, म्हणजे अँटीव्हायरस आपोआप बंद पडू लागला, अनोळखी एक्सक्लूजन आढळले किंवा त्याची सेवा वारंवार कोसळू लागली, तर तो संगणक जाळ्यापासून तोडावा, पण लगेच फॉरमॅट करू नये; लॉग, म्हणजे काय घडले याच्या संगणकाने ठेवलेल्या नोंदी, हवे असतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पैसे गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आधी फोन करावा. कंपनीने पुरेशी मुदत मिळूनही दुरुस्ती दिली नाही, तर परवान्याचे उरलेले महिने मोजत न बसता उत्पादन बदलावे. विंडोज १० आणि ११ वर दुसरा अँटीव्हायरस पूर्ण काढल्यावर डिफेंडर आपोआप जागा घेतो, त्यामुळे नवे काय घ्यायचे हे ठरेपर्यंत संगणक उघडा पडत नाही. फक्त त्याचे इंजिन ताज्या महिन्याचे आहे का, हे तेवढे ‘अबाउट’मध्ये पाहून घ्यावे.